नवव्या दिवसाची नोंद

सुमन, तू गेल्यावर झालेल्या जलदानाच्या कार्यक्रमात कोण कुठं बसलं याचा नकाशा तू नक्की काढला असतास. मंडपात पुढच्या खुर्च्या रिकाम्या आणि मागं माणसं उभी. धर्माबादच्या तुझ्या कॉलेजातले प्राध्यापक एका बाजूला, मुखेडच्या तुमच्या गल्लीतल्या बायका दुसऱ्या बाजूला, आणि मधे बैलगाडी जाईल एवढी वाट. भन्तेजी पंचशील देत होते आणि माझ्या कानात तुझाच आवाज चालू होता, "शैला, बघ ना, पहिल्या रांगेत कोणीच का बसंना? कशाला भिऊन राहिले लोक?" मला हसू आलं. तुझ्या फोटोसमोर, पांढरी साडी नेसून, मी हसले. शेजारच्या बाईला वाटलं मी रडतेय. तिनं पाठीवर हात ठेवला. तेही काही खोटं नव्हतं.

तू जाऊन आज एकवीस दिवस झाले. तू किती वर्षं शिकवलंस, किती मुलींना शिकायला लावलंस, हे त्या दिवशी सगळ्यांनी सांगितलं. चांगलं बोलले. मलाही बोलायला उठवलं होतं. मी माईक हातात घेतला, "आम्ही नांदेडला एम.ए.ला एका बाकावर बसायचो," एवढं म्हटलं आणि परत खाली बसले. पुढचं वाक्य रेणापूरचं, माझ्या गावचं होतं, आणि ते मला येईना.

तेच आता लिहितेय.

आपल्या वर्गात सात जणं होतो. विद्यापीठ तेव्हा औरंगाबादला; नांदेडला कॉलेजातच एम.ए.चे वर्ग भरायचे, वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. सामाजिक मानसशास्त्र हाश्मी सर शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितलं होतं, "बेटा, माणूस एकटा असताना एक असतो, चार माणसांत दुसरा असतो. हा फरक का पडतो, एवढंच आपल्याला शिकायचंय. पण जिंदगी पुरत नाही." पुस्तकं इंग्रजी, सगळे प्रयोग परदेशातल्या कॉलेजच्या पोरांवर केलेले. आपण दोघी एक डिक्शनरी मधे ठेवून वाचायचो. तिसऱ्या का चौथ्या तासाला तू हात वर केलास. "सर, ह्या पुस्तकात कोणालाच पाणी भरायला जावं लागत न्हाई का?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "अच्छा सवाल है," म्हणाले, आणि खरोखर थांबून विचार करायला लागले. तेव्हा मी तुझ्याकडं पहिल्यांदा नीट बघितलं.

तुझ्यासोबत प्रवास करणं म्हणजे शिक्षा होती. लातूर जिल्हा होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांवरच्या पाट्या नव्या रंगवलेल्या, पण अर्ज जुनेच. त्यावर छापलेलं 'उस्मानाबाद' पेनानं खोडून वर 'लातूर' लिहायचं. नांदेड-लातूर गाडीत बसलो की तू शेजारच्या माणसाला विचारायचीस, "काका, तुमचा जिल्हा कोणता?" कोणी लातूर म्हणायचं, कोणी उस्मानाबाद म्हणून जीभ चावायचं. उदगीरकडचे एक म्हातारबाबा तर शांतपणे म्हणाले, "बीदर." तो निजामाच्या वेळचा जिल्हा, आणि निजाम जाऊन जमाना लोटला होता. तू आनंदानं माझ्या मांडीवर चापट मारलीस. "बघ! सरकार एका दिवसात जिल्हा करतं. माणसाच्या तोंडात तो यायला किती वर्षं लागतात, हे कोणी मोजलंय का?" मी खिडकीकडं तोंड करून बसायचे. आपल्याला कोणी ओळखतं का हे बघायचे. हा फरकही तू टिपला असणार.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. दिवाळीच्या सुट्टीहून परतल्यावर मी तुला घरची हकिकत सांगितली, की रेणापूरला आत्ताच टँकर सुरू झालाय, आणि तो कधी येईल याचा नेम नसल्यानं बायका रांगेत दगड ठेवून घरी जातात. कोणाचा दगड, कोणाची फुटकी बादली, कोणाची एक चप्पल. माझ्यासाठी ती रोजची कटकट होती. तू डबा खाता खाता थांबलीस.

"माणूस न्हाई? नुसता दगड?"

"हो."

"आन् लोक त्या दगडाला मानतात?"

"मानतात की. कुणाचा कोणता, सगळ्यांना ठाऊक असतं."

"आन् कोणाचाच नसलेला दगड ठेवला तर?"

एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला आपल्याला क्षेत्रकार्य करून प्रबंध द्यायचा होता. आपला विषय त्या डब्यावर ठरला. हाश्मी सरांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. "लोक तहानलेले आहेत, ये याद रखना. तुमच्या प्रयोगानं कुणाचीही एक घागरसुद्धा कमी भरता कामा नये." वही दोघींनी वेगवेगळी ठेवायची, रोजची नोंद रोज करायची, एकमेकींचं बघायचं नाही, असंही त्यांनी सांगितलं.

मार्चमध्ये आपण रेणापूरला आमच्या घरी आलो. गाडीत तू मला स्पष्ट म्हणालीस, "शैला, मला कोणी विचारलं तर मी सांगणार. कोणी न्हाई विचारलं तर मी दवंडी पिटणार न्हाई." मी "हो, हो" म्हटलं. घरी पोचल्यावर तुझं आडनाव ऐकून आईनं मला चुलीपाशी विचारलं, "गायकवाड म्हणजे मराठ्याचे का ग?" माझ्या तोंडात भाकरीचा घास होता. मी मान अशी हलवली की तिचा अर्थ कसाही लागावा. आईनं तिला हवा तो लावला. आम्ही लिंगायत, किराणा दुकानवाले, आमच्या घरात परक्या जातीची मुलगी पंधरा दिवस राहणं हीच त्या काळी मोठी गोष्ट. मराठ्याची म्हणून आईनं ती पचवली. तू आत हातपाय धूत होतीस. मी हे तुला कधीच सांगितलं नाही. त्या दुपारपासून तुझ्या आणि माझ्या वहीत फरक पडायला सुरुवात झाली होती.

आईला तू आवडलीस, हे मात्र खरं. तू तिला किती प्रश्न विचारायचीस! शेंगदाण्याच्या चटणीत लसूण कधी घालायचा इथपासून लग्न ठरलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं इथपर्यंत. तिला असं कुणी विचारलेलंच नव्हतं. ती तुझ्या ताटात तुपाची धार जरा जास्तच सोडायची.

पहिल्या दिवशी सकाळी तू रस्त्याकडेचा एक काळा दगड निवडलास, एका बाजूनं सपाट, माठावरच्या झाकणाएवढा, आणि कुणाचं लक्ष नसताना रांगेच्या शेवटी ठेवलास. आपण दोघी समोरच्या ओट्यावर वह्या घेऊन बसलो. आपण कॉलेजसाठी टँकरची माहिती गोळा करतोय, असं बायकांना सांगितलं होतं. ते अर्धं खरं होतं. टँकर आला, पुढच्यांना पाणी मिळालं, मागच्यांचं राहिलं. उरलेले दगड, बादल्या आणि चपला जागेवरच थांबल्या, उद्यासाठी. दुसऱ्या दिवशी रांग पुढं सरकली, तेव्हा आपला दगड एका बाईनं पायानं पुढं ढकलला. तिसऱ्या दिवशी दुसरीनं हातानं उचलून ठेवला. तू माझा दंड एवढा घट्ट धरलास की वळ उठले. "कोणाचाच न्हाई, शैला! कोणाचाच न्हाई आन् त्याला घेऊन चालल्या!"

चौथ्या दिवशी तो दगड पहिल्या नंबरावर आला. टँकर उभा, पाइप सोडलेला, आणि दगडाचं कोणी येईना.

"कोणाचा हाय गं ह्यो?"

"येईल की. दम धरा जरा."

"ड्रायवर थांबणार हाय का तुझ्यासाठी?"

मग कोपऱ्यावर राहणारी एक म्हातारी, जिला स्वतःला धड चालता येत नव्हतं, घरात गेली आणि डालड्याचा पोचे आलेला डबा घेऊन आली. तो दगडापाशी ठेवून म्हणाली, "भरा. आजारी-बिजारी असंल कोणी." तो डबा भरला. आणि तो भरलेला डबा त्या उन्हात, त्या दुष्काळात, संध्याकाळपर्यंत रस्त्यावर तसाच उभा राहिला. कुणीही हात लावला नाही. मी असं काही त्याआधी बघितलं नव्हतं, त्यानंतरही बघितलं नाही.

पण तू अस्वस्थ झालीस. सरांची अट मोडली होती, एक डबा पाणी आपल्यामुळं अडकलं होतं. दिवस कलायला लागल्यावर तू उठलीस, आणि रांगेत शेवटी राहिल्यानं ज्या बाईला काहीच मिळालं नव्हतं, तिच्या घागरीत तो डबा ओतून आलीस. "कोणाचं हाय ठावं न्हाई, वाया जाईल," असं तिला सांगितलंस. बायकांनी तो दगड परत रांगेच्या शेवटी ठेवला. त्याची पाळी झाली होती ना!

पुढच्या चार दिवसांत त्या दगडाला तीन मालक मिळाले. कुणी म्हणे मागच्या गल्लीतल्या बाळंतिणीचा आहे. कुणी म्हणे शिलाईवालीचा. कुणी तर मालकिणीला स्वतः बघितल्याचं सांगितलं. तू हे उतरवून घेताना लहान पोरीसारखी हसायचीस. आणि दुपारी घराच्या माळवदावर बसून आपण भांडायचो. मी म्हणायचे, ही माणुसकी आहे. दुष्काळातही माणसं अनोळखी माणसाची जागा राखतात. तू म्हणायचीस, "माणुसकी हाय, पण त्याच्या आत भीती हाय. आज हा दगड काढला तर उद्या माझा कोणीतरी काढंल, असं प्रत्येकीला वाटून राहिलंय." मी चिडायचे. "तुला सगळ्यात भीतीच दिसते." तू म्हणायचीस, "मला दिसती, कारण मी तिला ओळखते. त्यात वाईट काय हाय? भीतीनंसुद्धा माणूस नीट वागू शकतो." हा वाद आपण कधीच संपवला नाही.

आठव्या दिवशी दुपारी रांगेतल्या एकीनं तुला सरळ विचारलं, "मुखेडला कुठं ऱ्हाता पोरी? कोणत्यातले तुमी?"

मी ओट्यावर होते, तुझ्यापासून दोन हातांवर. तू वही मिटलीस आणि म्हणालीस, "आम्ही बौद्ध हाओत." मग तू बोट दाखवून म्हणालीस, "आन् तो दगड माझा हाय."

घरी येताना मी तुझ्यावर तोंड सोडलं. आधी सांगायला पाहिजे होतं, प्रयोगाची पुढची पायरी दोघींनी ठरवायची असते, वगैरे. तू शांतपणे ऐकलंस. "ती पायरी न्हवती," म्हणालीस. "बाईनं विचारलं, मी सांगितलं."

नवव्या दिवशी सकाळी मी विजेच्या खांबाशी उभी होते. तू समोरच्या ओट्यावर. दगड रांगेत तिसरा होता. त्याच्या पुढंमागं नेहमी एकमेकींना खेटून ठेवलेल्या घागरी असायच्या. त्या दिवशी दोन्हीकडं हात-हातभर जागा सुटली होती. बायका आल्या होत्या, पण रांगेला लागत नव्हत्या. कुणी दगडाला हात लावत नव्हतं आणि कुणी तो ओलांडून पुढंही जात नव्हतं. टँकर आला. तेवढ्यात आई आली, कमरेवर एक घागर, हातात एक. सगळ्या बायका तिच्याकडं बघायला लागल्या. तू कुणाच्या घरात जेवतेस, हे आता सगळ्यांना माहीत होतं. आईनं दगडाकडं बघितलं. बायकांकडं बघितलं. घागर खाली ठेवली, वाकली, दोन्ही हातांनी दगड उचलला आणि रांगेबाहेर, लिंबाच्या झाडाखाली नेऊन ठेवला. पदर सारखा केला. लगेच रांग जुळली, घागरी एकमेकींना खेटल्या, पाणी सुरू झालं.

माझी पेन्सिल थांबली होती. तुझी चालू होती. तू मान वर न करता लिहीत होतीस.

मी काय करू शकले असते? पुढं होऊन दगड परत ठेवू शकले असते. नुसतं "आई" अशी हाक मारू शकले असते. मी खांबाच्या मागं सरकले, सुमन. एक पाऊलभर. ते तू बघितलंस का, हे मला कधी कळलं नाही.

घरी आल्यावर तू पिशवी भरलीस. आई चुलीपाशी आपल्याकडं पाठ करून उभी होती. ती 'जा' म्हणाली नाही, 'राहा' म्हणाली नाही. तू दारातून म्हणालीस, "काकू, येते." आईचा खांदा हलला, एवढंच. मी तुला गाडीपर्यंत सोडायला आले. मला वाटलं तू रडशील, नाहीतर शिव्या देशील. तू विचारलंस, "तेव्हा किती वाजले होते? माझ्या घड्याळात सात-वीस झाले होते." मी म्हटलं, "मी बघितलं नाही." गाडी आली. तू जागा धरलीस, आणि शेजारच्या बाईशी बोलायला लागलीससुद्धा.

माझ्या वहीत नवव्या दिवसाचं पान कोरं राहिलं. प्रबंधात मी आठ दिवस लिहिले. डालड्याच्या डब्यावर मोठं प्रकरण लिहिलं, माणुसकीवर छान वाक्यं लिहिली. तोंडी परीक्षेला दोघींना एकत्र आत बोलावलं. हाश्मी सरांनी दोन्ही प्रबंध समोर ठेवले होते. त्यांनी मला विचारलं, "शैला, गाव एक, गल्ली एक. हिच्याकडं नऊ दिवस आहेत, तुझ्याकडं आठच. नववा दिवस कुठं गेला?"

"सर, त्या दिवशी मी तिथं नव्हते. मला बरं नव्हतं."

सरांनी तुझ्याकडं बघितलं. "सुमन, ही नव्हती तिथं?"

तू एकदाही माझ्याकडं न बघता म्हणालीस, "सर, मी माझी वही लिहिली. तिची वही तिला विचारा."

सरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना कळलं होतं, हे मला आज स्वतः तीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्यावर कळतंय. त्यांनी मला पास केलं. तुला पहिला वर्ग मिळाला. तुझ्या प्रबंधात मी नंतर बघितलं, दगड उचलणारीचं नाव नव्हतं. 'रांगेतील एक स्त्री' एवढंच होतं.

त्याच दिवशी नांदेडच्या एस.टी. स्टँडवर चहा पिताना तू मला विचारलंस, "त्या वेळी तुझ्या आत काय झालं?"

"सोड ना आता, सुमन. चुकलं माझं."

"चुकलं का बरोबर, ते मी विचारत न्हाई. मला तुझा राग आला होता, तो गेला. आता मला नुसतं कुतूहल हाय. मी बाहेरून बघितलं ते लिहिलं. आतून तू एकटीच होतीस. ते पुस्तकात कुठंच सापडत न्हाई गं. सांग ना."

तुझ्या रागापुढं मी उभी राहिले असते. माफी मागून, रडून मोकळी झाले असते. तुझ्या कुतूहलापुढं मात्र मला पळायलाच जागा नव्हती. मी चहा अर्धा टाकून उठले. "माझी गाडी लागली," म्हटलं. ती लागलेली नव्हती.

तरी तू मला सोडलं नाहीस. माझ्या लग्नाला लातूरला आलीस, पंगतीत कोण कोणाशेजारी बसलं ते मोजत बसलीस. माझे यजमान दवाखान्यात होते तेव्हा धर्माबादहून तीन गाड्या बदलून आलीस आणि आठ दिवस माझ्यापाशी राहिलीस. वॉर्डातले नातेवाईक एकमेकांचा डबा कधी खायला लागतात, यावर तुझं बारीक लक्ष. त्या आठ दिवसांत मी हसू शकले, ते तुझ्यामुळं. तुझ्या प्रज्ञाच्या नामकरणाला मी आले, तिला मांडीवर घेतलं. आणि या सगळ्याच्या मधे कधीतरी, भाजी निवडताना किंवा पेपर तपासताना, तू सहज विचारायचीस, "उत्तराचं काय झालं?" मी विषय बदलायचे. तू बदलू द्यायचीस.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात तुझा फोन आला. "रांगा बघून राहिलीस का? दगड ठेवतात का अजून?"

"नाही. आता प्लास्टिकच्या घागरी ठेवतात. साखळी ओवून कुलूप लावतात."

"कुलूप!" तू म्हणालीस. "म्हणजे आता डोळ्यानं राखण करत न्हाईत एकमेकींची. कधीपासून, विचार ना कोणाला तरी. शैला, विचारून ठेव, बरं का." मग तू हळूच म्हणालीस, "आन् उत्तर?"

"आवाज तुटतोय," म्हणून मी फोन ठेवला. आवाज अगदी नीट येत होता.

मी आयुष्यभर वर्गात शिकवलं, की चार माणसं बघत असली की माणूस स्वतःला पटलेलंही करत नाही. मुलं भराभर उतरवून घ्यायची. दरवर्षी त्या तासाला मी परदेशातलीच उदाहरणं द्यायचे.

परवा मुखेडला मंडप रिकामा झाल्यावर प्रज्ञा माझ्यापाशी येऊन बसली. तुझेच डोळे. म्हणाली, "मावशी, रेणापूरच्या आजीला कळवलं का?"

"कोणती आजी?"

"तुमची आई. दवाखान्यात न्यायच्या आधी आई म्हणत होती, आजीला भेटायचं राहिलं यंदा."

त्या सकाळनंतर तू आणि आई कधी एकमेकींशी बोलला नाहीत, असं मी सगळं आयुष्य धरून चालले होते. तुला आईचं विचारायचं मी टाळलं आणि आईला तुझं.

काल रेणापूरला गेले. आई आता नव्वदीला आलीय, भावाकडं असते. ओसरीत सुपात तूर घेऊन बसली होती. तू गेल्याचं तिच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. तिचा हात सुपात थांबला. "मुखेडची? आपली सुमन?" म्हणाली. आतून भावजय बाहेर आली. "त्या गायकवाड मॅडम? आवं गेल्याच दिवाळीनंतर आल्या होत्या की! लातूरला पेपर तपासायला आल्या की एक चक्कर असायचीच. आम्हाला वाटायचं तुम्हीच पाठवता."

आई पदरानं डोळे पुसत राहिली. मग मी विचारलं, "आई, ती पहिल्यांदा परत कधी आली?"

"तेव्हाच. तू नांदेडला गेल्यावर आठ-धा दिवसांनी. एकटीच. मला वाटलं भांडायला आली. मी दारातच उभी. ती म्हणली, काकू, भांडायचं न्हाई, फकस्त विचारायचंय. दगड उचलताना तुम्हाला काय वाटलं?"

"मग?"

"मग काय. मला तसं कोणी विचारलं होतं का जन्मात? मी खरं सांगून टाकलं. सगळ्या बायका माझ्याकडंच बघून राहिल्या होत्या. मी न्हाई उचलला तर उद्या आपल्या घागरी बाहेर काढतील, तुझ्या लग्नाला कोणी दारात येणार न्हाई, असं वाटलं. भ्याले. आन् उचलल्यावर वाटलं, ह्यात काय हाय? दगड तर हाय. मग लाज वाटली. ती लिहून घेत होती. मी रडाय लागले तशी वही ठेवली तिनं. पाणी मागितलं. आपल्याच तांब्यातनं दिलं मी. मग म्हणली, काकू, तुमचं नाव मी कुठंच लिहिणार न्हाई."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस तू?"

आईनं सूप बाजूला सारलं. "तू कधी विचारलंस?"

भावजय आत गेली. आई माझ्याकडं बघत होती, आणि मग तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "तू बी होतीस की तिथं. खांबापाशी. तुला काय वाटलं गं तेव्हा?"

सुमन, मी सांगितलं. इतक्या वर्षांनी, आईला. मी म्हटलं, आई, तू उचलशील हे मला तू वाकायच्या आधीच कळलं होतं. मला सुमनचं वाईट वाटलं नाही, तेव्हा नाही. ते नंतर वाटलं. तेव्हा फक्त एवढंच वाटलं, की हिला घरात मी आणलं हे कुणाला आठवू नये. तू तो दगड पटकन उचलावास, आणि हे एकदाचं संपावं. आई, तू उचललास तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. तेच मला तिला सांगता आलं नाही. गप्प राहिले हे तिनं बघितलंच होतं. मला बरं वाटलं, हे तिला माहीत नव्हतं.

आईनं ऐकलं. तिला सगळं ऐकू आलं का, मला ठाऊक नाही. तिनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि त्यावरून बोटं फिरवली.

मग म्हणाली, "तिला सांगायचं होतंस गं. तिनं लिहून घेतलं असतं."